आजच्या अंगाचा कोट

मास्तरांच्या दुकानात ट्रायल हा प्रकारच नव्हता. कपडा शिवून झाला की घडी घालायची, कागदात गुंडाळायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. घरी जा आणि घाला, बसणारच! माप तरी मास्तर कुठं सारखं सारखं घ्यायचे? पहिल्यांदा आलेल्या माणसाला एकदा टेप लावायचा, आकडे ओठातल्या ओठात म्हणायचे, की ती मापं त्यांच्या डोक्यात जाऊन बसली ती कायमची. पुढच्या खेपेला त्या माणसानं नुसतं कापड टाकून जायचं. "माप?" असं कुणी भीत भीत विचारलंच, तर मास्तर कपाळावर बोट टेकवायचे आणि म्हणायचे, "इथं आहे."

आता माणसाचं अंग म्हणजे काही दगडी भिंत नव्हे. पोट सुटतं, खांदे उतरतात, पाठीला बाक येतो. पण मास्तरांच्या डोक्यातला माणूस जसाच्या तसा. पलीकडच्या गल्लीतले एक कारकून लग्नाच्या वेळी काडीसारखे होते. पुढे ते चांगले गरगरीत झाले, तरी मास्तर त्यांना नवरदेवाच्याच मापाची पँट शिवून द्यायचे. आणि कारकूनही असे भले, की ती पँट कपाटात टांगून ठेवायचे आणि "उतरेन हो थोड्या दिवसांत" म्हणत जुनीच ताणून घालायचे. मास्तरांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, इतका त्यांचा दरारा.

मास्तरीणबाईंची तऱ्हा याच्या बरोबर उलटी. दुकानाच्या आतल्या अंगाला त्यांचं मशीन होतं, आणि बायकामुलांचे कपडे त्यांच्याकडे असायचे. त्यांचं सगळं वाढत्या अंगाचं. त्यांनी शिवलेल्या फ्रॉकात मूल शोधावं लागायचं. बाह्या दोनदा दुमडलेल्या, खालचा काठ आत पाच बोटं मुडपलेला, शिवणीत दोन्हीकडून सढळ हातानं कापड सोडलेलं. "पोरांचं काय, बघता बघता वाढतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोर वाढून त्या फ्रॉकात नीट मावेपर्यंत फ्रॉक कोपरावर विरलेला असायचा, ही गोष्ट वेगळी.

गल्लीत यावरून एक विनोद कायमचा होता. नवरा मागच्या वर्षाचे कपडे शिवतो, बायको पुढच्या वर्षाचे. यंदा घालायला काही मिळेल तर शपथ! हा विनोद दोघांनाही माहीत होता, आणि तो आपल्यावर नसून दुसऱ्यावर आहे अशी दोघांचीही खात्री होती.

या दोघांची एकुलती एक लेक. तिला घरात बुटकी म्हणायचे. शाळेत उंचीप्रमाणे उभं करायचे तेव्हा ती सगळ्यांत पुढे असायची, म्हणून पडलेलं नाव. पुढे ती अशी ताडमाड वाढली की दुकानाच्या दारातून आत यायला तिला मान वाकवावी लागे. तरी नाव बुटकीच राहिलं. मास्तरांच्या तोंडात एकदा बसलेली गोष्ट बदलायची म्हणजे काय सोपं आहे? ही बुटकी शहराच्या बसवर ड्रायव्हर होती. एवढं मोठं धूड अरुंद रस्त्यातून अलगद वळवून न्यायची, आणि दारात लोंबकळणाऱ्यांना आरशातून बघून दरडावायची, "दारात उभं राहू नका! आत या, बसा!" गल्लीतून तिची बस जायची नाही, पण कोपऱ्यावरून जायची. ती जाताना हॉर्न दोनदा वाजायचा आणि मास्तर पायाखालचं मशीन न थांबवता म्हणायचे, "गेली."

मग तिच्या डाव्या बाजूला छातीत गाठ निघाली. दवाखाना, ऑपरेशन, सुया, गेलेले केस, पुन्हा आलेले केस, या सगळ्यातून ते घर गेलं. त्याचं पाल्हाळ नको. ज्या घरांवर ही वेळ आली आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांच्यावर आली नाही त्यांनी सुखात राहावं.

आणि आता ते संपलं होतं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून तिघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काही नाही. सगळं स्वच्छ आहे. आता कामाला लागा. सहा महिन्यांनी एकदा येऊन दाखवून जा, म्हणजे झालं."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मास्तरांचे पाय जमिनीला लागत नव्हते. फाटकाशी आल्यावर ते एका अनोळखी माणसाला म्हणाले, "काही नाही!" त्या माणसानं विचारलंही नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंचं ते बोलणं घरी येईपर्यंत वाटून घेतलं गेलं. मास्तरांनी त्यातलं 'काही नाही' तेवढं उचललं. काही नाही म्हणजे काही झालंच नव्हतं. मधलं सगळं एक वाईट स्वप्न, आणि बुटकी होती तशीच्या तशी. मास्तरीणबाईंनी 'सहा महिन्यांनी' उचललं आणि त्याच दिवसापासून त्या सहा महिन्यांनंतरच्या त्या दिवसात राहायला गेल्या. जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायच्या, "तोवर अंग चांगलं भरायला हवं हिचं." 'कामाला लागा' हे मधलं वाक्य कुणीच घेतलं नाही, म्हणून ते बुटकीनं घेतलं.

ती डेपोतून मिळालेलं जाड निळं कापड काखोटीला मारून दुकानात आली. डेपो दर वर्षी एका कोटाचं कापड द्यायचा आणि शिवून ज्यानं त्यानं घ्यायचा.

"बाबा, कोट," ती कापड टेबलावर टाकत म्हणाली. "सोमवारी सकाळी डेपोत बोलावलंय. साहेब म्हणाले, गणवेश घालून या, मोठी गाडी पूर्ण वळवून दाखवा, मग ड्युटी लावतो."

"आणि नाही वळली तर?" आतून आईनं विचारलं.

"तर खिडकीत बसवतील. पास देत बसायचं."

"मग बस की. सावलीतलं काम, बसून. त्यात वाईट काय आहे?"

"आई, मी काय कुंडी आहे खिडकीत ठेवायला?"

मास्तर खूश होऊन हसले. हे जुनं बोलणं, जुनी बुटकी! त्यांनी कापड उलगडलं, बोटांत चुरून पाहिलं, मान डोलावली.

"घ्या माप," बुटकी म्हणाली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

मास्तरांच्या गळ्यात टेप होताच. तो जेवतानाही असायचा. पण त्याला त्यांनी हात लावला नाही. "तुझं माप तू मला देणार? अंगड्या-टोपड्यापासून शिवतोय तुझे कपडे."

"बाबा, बदललंय."

"काही बदललेलं नाही. डॉक्टरच म्हणाल्या, काही नाही म्हणून."

बुटकीनं हात खाली घेतले. उजवा चटकन, डावा जरा सावकाश. तेवढ्यात मास्तर खडू शोधायला टेबलाखाली वाकले होते. खडू त्यांच्या कानावर होता.

खरं सांगायचं तर मास्तर घाबरले होते. ऑपरेशननंतर बुटकीची डावी बाजू बदलली होती. तिकडे छाती सपाट झाली होती, खांदा किंचित आत ओढला गेला होता आणि हाताला सूज राहिली होती. ती कमीजास्त व्हायची, पण जायची नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि टेप लावणं वेगळं. टेप लावला की आकडा येतो, आणि मास्तरांच्या डोक्यात एकदा गेलेला आकडा निघत नाही. हा नवा आकडा आत गेला तर जुना कुठं राहील? ज्या बुटकीला काही झालं नव्हतं ती फक्त आपल्या डोक्यातच उरली आहे, आणि आपणच ती पुसायची, हे त्यांच्याच्यानं होणारं नव्हतं. म्हणून त्यांनी कानावरचा खडू शोधण्यात बराच वेळ घालवला, आणि वर आले तोवर लेक निघून गेली होती.

कापड बेतायला घेतलं तेव्हा मास्तरीणबाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. मास्तरांनी जुन्या मापाच्या रेषा मारल्या. बाईंनी रेषेच्या बऱ्याच बाहेर बोट ठेवलं.

"इथून कापा."

"कशाला?"

"भरेल ती. आणि खाली पाच बोटं काठ ठेवा. पुढच्या वर्षी लागेल."

"अगं, ती काय आता उंच होणार आहे? छताला टेकायची बाकी आहे!"

"तुम्ही ठेवा हो."

हुज्जत नको म्हणून मास्तरांनी बाहेरून कापलं, खाली काठही ठेवला. पण मनाशी ठरवलं की कापड किती का बाहेर असेना, टाका माझ्या रेषेवरच पडणार. आणि तसा तो पाडलाही. दुपारी कोट बऱ्यापैकी उभा करून, हँगरला लावून ते जरा आडवे झाले.

उठून बघतात तो काय, कोट वाढलेला! डावी बगल चांगली दोन बोटं सैल. मास्तरांना आधी आपल्या नजरेचीच शंका आली. मग त्यांनी टाका पाहिला. बारीक, एकसारखा, किंचित उजवीकडे कललेला. हा टाका ते जन्मभर ओळखत आले होते. मास्तरीणबाई आतल्या मशीनवर एका परकराचा नेफा शिवत होत्या आणि चेहरा असा, की जणू त्या गावच्याच नव्हेत. मास्तरांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. संध्याकाळी बाई बाजारात गेल्या तेव्हा त्यांनी बगल उसवली आणि पुन्हा आपल्या रेषेवर शिवली.

दुसऱ्या दिवशी कोट पुन्हा सैल.

मग हे असंच चाललं. मास्तर आंघोळीला गेले की कोट वाढायचा, बाई शेजारणीकडे गेल्या की आटायचा. एकमेकांना कुणी चकार शब्द विचारला नाही. फार तर बाई म्हणायच्या, "हल्ली निळा दोरा फार लवकर संपतो, नाही?" आणि मास्तर म्हणायचे, "रीळच बारकं येतं हल्ली." उजव्या बाजूला दोघांपैकी कुणी बोटही लावलं नाही. सगळं भांडण डाव्या बगलेत. आणि एकाच ठिकाणी कापड पुन्हा पुन्हा उसवलं, पुन्हा पुन्हा सुईनं टोचलं की ते आतून जीव सोडतं, हे काय त्यांना कुणी शिकवायला हवं होतं? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मास्तरांनी त्याला कान धरून दुकानाबाहेर काढलं असतं. पण दोघंही आपापल्या जागी इतके बरोबर होते, की चुकलं कुठं हे बघायला कुणी मोकळंच नव्हतं.

रविवारी सकाळी बुटकी कोट न्यायला आली. मास्तरांनी नुकतीच शेवटची फेरी मारून घेतली होती, त्यामुळे कोट त्या वेळी त्यांच्या मापाचा होता. त्यांनी तो घाईघाईनं कागदात गुंडाळला.

"घालून बघते," बुटकी म्हणाली.

"आपल्याकडे ट्रायल नसते."

"आज आहे." तिनं कागद सोडला.

कोट अंगात गेला. उजवा हात सुळकन गेला, डावा मात्र तिला दमादमानं, ओठ दाबून ढकलावा लागला. उभी असताना कोट बरा दिसला. मास्तरांनी मान तिरकी करून पाहिलं आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना ती पूर्वीची बुटकी दिसली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"छान बसलाय," ते म्हणाले.

"मी उभी राहून गाडी चालवत नाही, बाबा," बुटकी म्हणाली. तिनं स्टूल ओढलं, बसली, आणि समोर स्टिअरिंग आहे असं समजून दोन्ही हात पुढे केले.

टर्रर्र.

शिवण नाही उसवली, कापडच फाटलं. बगलेपासून मागे पाठीकडे वीतभर. आतल्या बाजूनं सुईच्या भोकांची चाळण झालेली सगळ्यांना दिसली.

"आत घेतलंत ना तुम्ही! मला माहीत होतं!" मास्तरीणबाई ओरडल्या.

"तू बाहेर काढलंस म्हणून घेतलं! दर वेळी बाहेर! तिला काय तंबूत बसवायचं होतं?"

"आणि तुम्हाला पोतं शिवायचं होतं, गच्च आवळून! हात सुजलाय पोरीचा, दिसत नाही?"

"नाही दिसत!" मास्तर असे ओरडले की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. "नाही बघायचा मला! कळलं?"

बुटकीनं मान खाली घातली होती आणि तिचे खांदे हलत होते. आई पुढे होऊन लेकीच्या पाठीवर हात ठेवायला गेली, तो बुटकीनं तोंड वर केलं. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसत होती.

"गल्लीतले लोक म्हणतात ते खरं आहे," ती म्हणाली. "यंदा घालायला काही मिळेल तर शपथ!"

मास्तर आणि मास्तरीणबाई एकमेकांकडे बघायला लागले. तो विनोद आपल्या दोघांवर मिळून आहे, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

मग बुटकीचं हसू ओसरलं. तिनं डोळे पुसले. "बाबा, ती जुनी आहे ना तुमच्या डोक्यात, मलाही फार आवडायची. पण ती नाही येणार आता परत. आणि आई, सहा महिन्यांनी मी कशी असेन ते मला माहीत नाही. जाड, बारीक…" ती थोडी थांबली. "कशीही. डॉक्टरांनाही माहीत नाही, तर तू कशाला माहीत करून घेतेस? पण उद्या सकाळी डेपोत मी जाणार आहे. ही, स्टुलावर बसलीय ती. दोघं मिळून दोन मुलींचा कोट शिवताय आठवडाभर. हिचं माप घ्या ना कुणीतरी."

मास्तरांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. टेप ओढताना कॉलरमध्ये अडकला, तो त्यांनी सोडवला.

"कोट काढ," ते म्हणाले. "आणि उठू नकोस. बसूनच घेऊ. हात पुढे धर."

एरवी मास्तर आकडे ओठातल्या ओठात म्हणायचे. आज मोठ्यानं म्हणायला लागले, कारण बायकोलाही ऐकू जायला हवे होते. पाठ झाली. उजवा खांदा झाला. उजवा दंड झाला. मग ते स्टुलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले. डाव्या दंडाला त्यांनी टेप गुंडाळला. हात गरम होता, जरा घट्ट लागत होता. पण हात होता. पोरीचाच, पुढे पसरलेला, वाट बघणारा.

"किती?" बाईंनी विचारलं.

मास्तर टेपचं टोक पुन्हा नीट जुळवायला लागले.

"अहो, किती?"

"उजव्यापेक्षा दीड इंच जास्त."

एवढं बोलून ते थांबले. छत जागेवर होतं. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"दीड?" मास्तर टेपकडे वाकून पुन्हा बघत म्हणाले. "दीडच?" मनात ज्याचा त्यांनी एवढा डोंगर करून ठेवला होता, तो टेपवर दीड इंच निघाला होता. दीड इंचाचं काय घेऊन बसलात! याहून वाकड्या अंगाच्या किती माणसांना त्यांनी कोट चढवले होते. त्यांच्या तोंडून मोठा सुस्कारा बाहेर पडला, आणि किती तरी दिवस तो आत अडकून होता हे त्यांना तेव्हा कळलं.

शेवटी छातीचं माप. त्यांनी टेप पाठीमागून आणला आणि पुढे दोन बोटांत धरला. डावीकडे टेप सपाट पडला, पडू दे. गिऱ्हाइकाला ते नेहमी सांगायचे, श्वास रोखू नका. बुटकीला सांगावं लागलं नाही. ती शांत बसली होती आणि टेप त्यांच्या बोटांत हळूच सैल व्हायचा, हळूच ताणला जायचा. पुन्हा सैल, पुन्हा ताण.

"छाती किती?" बाईंनी विचारलं.

"थांब जरा."

"सापडेना का आकडा?"

"सापडलाय गं. थांब म्हटलं ना."

ते तसेच टेप धरून उभे राहिले. बुटकीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, पण ती हलली नाही.

मग खरा पेच पुढे आला. फाटलेला भाग कापून काढावा लागणार होता, आणि हाताला पुढे जायला जागा हवी तर बगलेत नवा तुकडा, म्हणजे कळी, घालावी लागणार होती. "मी आजवर कोटाला कळी घातलेली नाही," मास्तर म्हणाले. मग आपणच पुढे म्हणाले, "तर आता घालू." पण कापड कुठून आणायचं? उरलेल्या कापडाच्या चिंध्या बोटभरही नव्हत्या, आणि डेपो नवं कापड देणार ते पुढच्या वर्षी.

मास्तरीणबाईंनी कोट हातात घेतला, उलटा केला आणि खालच्या काठावरून बोट फिरवलं. आत पाच बोटं मुडपलेलं निळं कापड होतं. कोरं करकरीत, एक टोचा न पडलेलं. त्यांनी ब्लेड घेतलं आणि काठ उसवायला बसल्या.

मास्तर बघत राहिले. ही बाई, जिनं आयुष्यात ठेवणीतला चिंधीचा तुकडाही कधी बाहेर काढला नव्हता! त्यांना राहवेना. "आणि पुढच्या वर्षी लागलं तर?"

"तर पुढच्या वर्षी पुढच्या वर्षाचं कापड येईल," बाई मान वर न करता म्हणाल्या. "देतोच की डेपो. तुम्ही कळी आखा."

मास्तरांनी कळी आखली, बाईंनी कापली. रेषेवर. आत नाही, बाहेर नाही. जास्तीचं कापड नव्हतंच मुळी, चुकायला जागा नव्हती. मास्तर शिवायला बसले आणि बाई शेजारी उभ्या राहून कापड पुढे सरकवत राहिल्या. दोघं एका मशीनवर असे किती दिवसांनी आले होते कोण जाणे. बुटकी स्टुलावर पाय हलवत बसली होती. मध्येच मास्तर म्हणायचे, "ये गं," की तिनं उठून यायचं, हात घालायचा, काढायचा. एका दिवसात त्या दुकानात इतक्या ट्रायली झाल्या, की एवढ्या वर्षांच्या सगळ्या भरून निघाल्या.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा कोट झाला. बुटकीनं तो चढवला. डावा हात आत गेला आणि तिनं ओठ दाबले नाहीत. मास्तरांचं लक्ष कोटाकडे नव्हतं, तिच्या ओठांकडेच होतं.

"आता गाडी वळवून दाखव," ते म्हणाले.

मास्तरीणबाईंनी आत जाऊन मोठ्या पातेल्याचं झाकण आणलं. बुटकीनं ते दोन्ही हातांत धरलं, स्टुलावर नीट सावरून बसली, आणि समोर रस्ता असल्यासारखी बघायला लागली. आधी डावीकडे. झाकण पूर्ण फिरलं, एका हातावरून दुसरा हात गेला, कोपर वर आलं. कळी बगलेत अलगद उघडली, पुन्हा मिटली. कुठं ओढ नाही, कुठं झोळ नाही. मग उजवीकडे, पूर्ण. मग पुन्हा डावीकडे. बाई श्वास धरून टाक्यांचा आवाज ऐकत होत्या. काही आवाज आला नाही.

"काही नाही," बुटकी म्हणाली. "जाणवतसुद्धा नाही, कोट घातलाय ते."

बाई मटकन मशीनपुढच्या बाकावर बसल्या. त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं. पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "अगं, थांबवू नकोस. चालव."

बुटकीनं पुन्हा झाकण फिरवलं. समोरच्या दुकानातला माणूस दारात येऊन बघत होता, बघेना का. तिनं तोंडानं हॉर्न दोनदा वाजवला. मास्तर गळ्यातल्या टेपशी चाळा करत कोपऱ्यात उभे होते. तिनं मान न वळवता, आरशातून पाहिल्यासारखं डोळे वर करून विचारलं, "कोण ते उभं मागं? कुठं सोडायचं, बाबा?"

मास्तरांनी दुकानातल्या जुन्या कपाटाकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं, आणि मग निळ्या कोटातल्या त्या पाठीकडे पाहिलं, जिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा खाली होता.

"कुठंच नको," ते म्हणाले. "इथंच बरं आहे."

"मग दारात उभं राहू नका," बुटकी दरडावून म्हणाली. "आत या, बसा."

मास्तर आले, बायकोनं बाकावर सरकून जागा केली, आणि ते बसले.